कोऱ्या स्लिपवर सही नको : गटाचा फोन रूट करायचा की अपडेट?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी मांडलेला विषय. ज्यांना सभेला येता आलं नाही, त्या सख्यांसाठी इथे देत आहोत.)



दर महिन्याला मी तुमच्यासमोर उभी राहते ती बचतीचा, परतफेडीचा नाहीतर दप्तराचा विषय घेऊन. आज विषय जरा वेगळा आहे. आज आपण फोनबद्दल बोलणार आहोत. पण शेवटी गाडी बचतीवर आणि दप्तरावरच येणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.

गेल्या महिन्यात मी आपल्या एका ग्रामसंघाच्या बैठकीला गेले होते. सतरंजी अंथरून झाली होती, बाया जमत होत्या, आणि लेखापाल ताई ओट्यावर फोन घेऊन बसल्या होत्या. शेजारी त्यांचा पुतण्या. तालुक्याला मोबाईल दुरुस्तीचं काम शिकतो. हुशार पोरगा आहे, मनानं चांगला आहे. फोनवर रोज एक सूचना यायची, ‘सॉफ्टवेअर अपडेट उपलब्ध आहे’. ताई रोज ‘नंतर’ दाबायच्या, कारण फोनमध्ये जागाच नव्हती. फोन इतका हळू झालेला की हप्त्याची नोंद उघडायची म्हटलं तरी चहा पिऊन व्हायचा.

पुतण्या म्हणाला, “काकू, अपडेट घेऊ नका. आधी फोन रूट करू. अपडेट घेतलं की मग रूट होणार नाही. रूट केला की नको ती ॲप मुळापासून काढतो, फोन पळायला लागेल. संध्याकाळपर्यंत देतो करून.”

ताईंनी मला विचारलं, “मॅडम, देऊ का?”

एक मावशी मध्येच म्हणाल्या, “रूट म्हंजे एसटीचा असतो तसा का गं?” सगळ्या हसल्या. पण प्रश्न बरोबर होता. जे माहीत नाही त्याला हो म्हणायचं नाही, हे आपण गटातच शिकलोय. म्हणून आधी रूट म्हणजे काय ते बघू.

रूट म्हणजे मूळ. आपल्या बहुतेकींचे फोन अँड्रॉइडवर चालतात. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपला आपापली खोली असते. व्हॉट्सॲप आपल्या खोलीत, बँकेचं ॲप आपल्या खोलीत. एकाला दुसऱ्याच्या खोलीत जाता येत नाही. आणि फोनचा जो मूळ भाग आहे, तिथं तर फोनच्या मालकिणीलाही जाता येत नाही. कंपनी तो कुलूप लावून देते. ते कुलूप काढून सगळ्या खोल्यांत जायचा पूर्ण अधिकार घेणं, याला म्हणतात रूट करणं.

आता आपल्या भाषेत सांगते. गटाच्या खात्यातून पैसे काढायचे तर काय लागतं? ठराव लागतो, सह्या लागतात. एकटी बाई जाऊन पैसे काढू शकत नाही. यात आपला एकमेकींवर अविश्वास नाही, पण ही पद्धतच आपल्याला सांभाळते. रूट केलेल्या फोनमध्ये एखाद्या ॲपला तो मूळ अधिकार मिळाला, की मग त्याला कुणाची सही लागत नाही. कोऱ्या विड्रॉल स्लिपवर सह्या करून ठेवल्यासारखं होतं ते. चांगल्या माणसाच्या हातात असली तर काही होणार नाही. पण स्लिप कुणाच्या हाती लागेल, हे सही करताना कुठं माहीत असतं?

आता तो पुतण्या खोटं बोलत होता का? नाही. त्याच्या बोलण्यात बरंच खरं होतं, आणि तेही तुम्हाला सांगायला पाहिजे. रूट केल्यावर कंपनीनं आधीच टाकून दिलेली, न निघणारी ॲप काढता येतात, हे खरं आहे. ज्या जुन्या फोनला कंपनी आता अपडेट देत नाही, त्याच्यात काही जाणकार लोक कुलूप उघडून दुसरं नवं सॉफ्टवेअर बसवतात, हेही खरं. आणि अपडेटनंतर रूट करणं अवघड होऊ शकतं, हेही खरं.

पण ते अवघड का होतं, ते नीट ऐका. रूट करायचा एक मार्ग म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये राहून गेलेली एखादी फट शोधायची आणि तिच्यातून आत शिरायचं. अपडेट आलं की कंपनी ती फट बुजवते. आता तुम्हीच सांगा, ज्या फटीतून आपला पुतण्या आत शिरतो, त्याच फटीतून चोर शिरणार नाही का? म्हणजे “अपडेटच्या आधी रूट करा” याचा एक अर्थ असाही होतो, की भिंतीचं भगदाड बुजवायच्या आधी त्यातून ये-जा करून घ्या.

अशा फटी खरोखर असतात. २०१५ साली अँड्रॉइडमध्ये अशीच एक मोठी फट सापडली होती. एक बनावट व्हिडिओ मेसेज आला, तरी फोनचा ताबा जाऊ शकत होता. त्यानंतर त्याच वर्षी गूगलनं दर महिन्याला सुरक्षेचं अपडेट काढायला सुरुवात केली. आपल्या कंपनीकडून ते कधी लवकर येतं, कधी उशिरा येतं. पण आलं की ते असल्या फटी बुजवायला आलेलं असतं. आपण ‘नंतर, नंतर’ करत बसतो.

आता दुसरा मार्ग. हल्ली बहुतेक फोन रूट करायचे तर आधी फोन सुरू करणारं मूळ कुलूप उघडावं लागतं. त्याला बूटलोडर म्हणतात. आणि ते उघडताना फोन पुसला जातो. फोटो, नंबर, मेसेज, सगळं. हे कंपनीनं मुद्दाम केलंय, म्हणजे चोरलेल्या फोनचं कुलूप कुणी उघडलं तरी आतला माल त्याच्या हाती लागू नये.

मी त्या पुतण्याला एवढंच विचारलं, “दादा, फोन पुसला जाईल का?” तो म्हणाला, “हो, पण बॅकअप घेतो ना फोटोंचा.” मग मी ताईंना विचारलं, “ताई, नोंदी वर पाठवल्यात का?” ताई गप्प झाल्या. त्यांच्या वस्तीवर रेंज नाही. तीन महिन्यांच्या बचतीच्या, कर्जाच्या, हप्त्यांच्या नोंदी फोनमध्येच पडून होत्या. फोटोंच्या बॅकअपमध्ये त्या आल्या नसत्या. संध्याकाळपर्यंत फोन पळायला लागला असता, पण रिकामा.

तेव्हा मागून एका मावशींनी विचारलं, “आन् चुकलं तर भरून कोन देनार?” त्या बैठकीतला सगळ्यात मोलाचा प्रश्न तोच होता.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये, तायांनो. माझ्यावर बेतलंय. समाजकार्याचं शिक्षण घेत होते तेव्हा दुसऱ्या वर्षाला क्षेत्रकार्यासाठी ऊसतोड करणाऱ्या बायांशी बोलत होते. त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं होतं. फोन हळू चालायचा म्हणून मी मैत्रिणींच्या नादानं, व्हिडिओ बघून, माझ्या हातानं तो रूट करायला घेतला. कुणी सांगितलं नव्हतं, चूक सगळी माझी. फोन मधेच अडकला आणि परत सुरू झालाच नाही. दुकानात म्हणाले, ‘ब्रिक’ झाला. म्हणजे वीट झाली फोनची. अहवाल मी आठवून आठवून लिहिला. पण त्यातल्या एका आजींना मी शब्द दिला होता, “तुमचा आवाज तुम्हाला ऐकवीन.” पुढच्या हंगामात भेटले तेव्हा सांगावं लागलं, की तो माझ्याकडे नाही. त्या रागावल्या नाहीत. “जाऊ दे पोरी” म्हणाल्या. मला ते अजून लागतं.

माझा फोन माझ्या एकटीचा होता, तरी नुकसान दुसऱ्याचं झालं. गटाचा फोन तर सगळ्यांचा असतो.

रूट केल्यावर आणखी काय होतं, ते थोडक्यात सांगते.

एक, बँकेची आणि यूपीआयची बरीच ॲप रूट केलेला फोन ओळखतात आणि चालायलाच नकार देतात. ज्या ताई फोनवरून व्यवहार करतात, त्यांचं कामच थांबतं.

दोन, फोन वॉरंटीत असेल तर कंपनी हात वर करू शकते. काही फोनमध्ये तर कुलूप उघडल्याची खूण आत कायमची उमटते. नंतर मूळ सॉफ्टवेअर टाकलं तरी ती जात नाही.

तीन, पुढची अधिकृत अपडेट नीट बसत नाहीत. अपडेट बसण्याआधी मूळ भाग जसाच्या तसा आहे का, हे फोन तपासतो. तिथं बदल दिसला की अपडेट अडतं. म्हणजे एकदा रूट केलं की दर वेळी त्या पुतण्याला शोधत फिरायचं.

चार, रूट करायला लागणारी फाईल कुठून आणली, तिच्यात आणखी काय भरलंय, हे आपल्याला कळत नाही. बऱ्याचदा ते दुकानदारालाही कळत नाही.

मग त्या बैठकीत आपण काय केलं? तेच तुम्हीही करू शकता.

पहिलं, ताई आणि सचिव ताई फोन घेऊन रेंज असलेल्या ठिकाणी गेल्या. पाणंदीवरच्या टेकाडावर रेंज येते. तिथं बसून सगळ्या नोंदी वर पाठवल्या आणि वहीशी ताडून बघितल्या. वही आहे म्हणून हे जमलं. ॲप आलं म्हणून वही सोडायची नाही, हे मी दर वेळी का सांगते ते आता कळलं असेल.

दुसरं, जागा मोकळी केली. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’त जाऊन बघितलं, तर निम्मी जागा शुभ सकाळच्या फोटोंनी आणि व्हिडिओंनी खाल्लेली! हव्या त्या फोटोंची प्रत दुसरीकडे ठेवून बाकीचं पुसलं. न निघणारी ॲप रूट न करताही बऱ्याचदा बंद करता येतात. सेटिंगमध्ये ॲपच्या नावावर जाऊन ‘डिसेबल’ दाबायचं. ती पूर्ण जात नाहीत, पण चालायची थांबतात. मात्र ज्याचं नाव कळत नाही, त्याला हात लावायचा नाही.

तिसरं, फोन पूर्ण चार्ज केला आणि शाळेच्या वायफायवर अपडेट लावलं. अपडेट फक्त फोनच्या सेटिंगमधून घ्यायचं. मेसेजमध्ये आलेल्या लिंकवरून कधीच नाही. अपडेट चालू असताना फोन बंद करायचा नाही.

आणि हे सगळं त्या पुतण्यानंच केलं बरं का! त्याला आम्ही पळवून लावलं नाही. त्याच्या हातात कला आहे, ती आपल्या कामी आली. त्याला रूट करणं शिकायचंच असेल तर त्यानं एखाद्या जुन्या, सिम नसलेल्या, बँकेचं काहीही नसलेल्या फोनवर खुशाल शिकावं. तो फोन गेला तरी कुणाचा हप्ता बुडत नाही.

अपडेटनं फोन विमानासारखा पळायला लागला, असं मी सांगणार नाही. जरा बरा झाला, एवढंच. फोन जुना आहे तो जुनाच राहणार. त्या ग्रामसंघानं आता नव्या फोनसाठी दर महिन्याला थोडी रक्कम बाजूला काढायचं ठरवलंय. जुन्या फोनला अपडेट यायचं बंद झालं, की त्यावर पैशाचे व्यवहार करायचे नाहीत, भजनं ऐकायला वापरायचा.

कुणी जुना फोन विकत घेतला असेल आणि बँकेचं ॲप ‘फोन रूट केलेला आहे’ असं दाखवत असेल, तर त्यावर पिन टाकू नका. आधी टाकला असेल तर बँकेत जाऊन सांगा, दुसऱ्या चांगल्या फोनवरून पिन बदला, आणि कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात मूळ सॉफ्टवेअर टाकून मिळतं का ते विचारा. आणि देव न करो, खात्यातून पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. लगेच १९३० ला फोन लावा. सायबर फसवणुकीसाठीचा तो सरकारी क्रमांक आहे. जितकं लवकर कळवाल, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

शेवटचं. घरात फोन कुणी घ्यायचा, कुणी दुरुस्त करायचा, हे बहुतेक वेळा आपल्याला न विचारताच ठरतं. मुलगा घेऊन जातो, दीर घेऊन जातो, आपण ‘बरं’ म्हणतो. पण गटाचा फोन ही गटाची मालमत्ता आहे. पेटीची चावी आपण कुणाला अशी देतो का? म्हणून पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि इतिवृत्तात असा ठराव लिहा :

‘गटाचा फोन दुरुस्तीला देण्याआधी, रूट किंवा रीसेट करण्याआधी बैठकीत चर्चा करण्यात येईल. सर्व नोंदी वर पाठवल्याची व वहीशी जुळल्याची खात्री अध्यक्ष व सचिव करतील. फोनवरील अधिकृत अपडेट वेळेवर घेण्याची जबाबदारी लेखापाल यांची राहील.’

सूचक, अनुमोदक आणि सगळ्यांच्या सह्या. भरलेल्या पानावर, कोऱ्या नाही.

आत्ताच पिशवीतून फोन काढा बघू. ‘नंतर’ म्हणून कुणाकुणाचं अपडेट थांबलंय? हात वर करा. लाजू नका. माझंही परवापर्यंत थांबलं होतं.