वाड्याचा चौक झाकायचा का?
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेले भाषण)



बांधकाम खात्यातल्या माणसाला इतिहासावर बोलायला उभं केलंत, तर तो पागोळ्या आणि गटारावरच येणार. गौतमाबाई होळकरांच्या नावाच्या या गावात तेही चालेल, असं समजतो.

पुण्याचा विश्रामबाग वाडा दुसऱ्या बाजीरावाने स्वतःला राहण्यासाठी बांधला. १८१८ साली राज्य गेलं आणि १८२१ साली इंग्रजांनी त्याच वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. तीच १८५१ साली पुणे कॉलेज झाली, १८६४ साली डेक्कन कॉलेज. आज ते अभिमत विद्यापीठ आहे. एका विद्यापीठाचं बालपण वाड्यात गेलं!

वाडा शाळेला चालला, कारण त्याला चौक होता. चारी बाजूंच्या खोल्यांना उजेड त्यातूनच मिळतो, तापलेली हवा त्यातूनच वर जाते आणि छपरांचं पाणी त्यातच पडून मोरीने बाहेर पडतं. चौक म्हणजे रिकामी जागा नव्हे, ते घराचं नाक आहे.

आता आपला विषय. वाचनालय आणि कॉम्प्युटरच्या वर्गासाठी जुन्या वाड्याचा चौक पत्र्याने बंद करावा, असं सभेत ठरत आलं आहे. जागा हवी, हे मला मान्य. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमनेही २००० साली आपल्या चौकावर काचेचं छत घातलं. त्याला ३,३१२ काचा लागल्या. पण तो खर्च आपला नाही, आणि मे महिन्यात माळव्यातल्या पत्र्याखाली पोरं बसणार नाहीत. शिवाय पत्र्याचा भार जुन्या लाकडी खांबांवर द्यायचा, तर खांब आतून किती पोखरलेत हे आधी बघायला हवं.

माझं मत असं. वर्ग ओसरीत आणि आतल्या खोल्यांत घ्यावा. चौकात पावसाळा सोडून कापडी मांडव, तोही वेगळ्या खांबांवर, भिंतीपासून हातभर सुटा. मोरी उघडी ठेवावी. वायरिंग पाइपातूनच न्यावं. इंदूरच्या राजवाड्याची १९८४ च्या आगीत काय दशा झाली, ते ज्येष्ठांना आठवतंच. आणि दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तुर्रा-कलंगीचे हिंगोट उडतात, म्हणून आदल्या दिवशीच कापड उतरवून ठेवायचं. पुण्याच्या वाड्याला ही अडचण नव्हती!

पत्र्याचं अंदाजपत्रक मंडळाकडे आलेलंच आहे. मांडवाचं मी रविवारी करून देतो. टेप धरायला दोन मुलं सकाळी आठला पाठवा.