व्यसनामागील आघात
(ज्ञातिमंडळाच्या मालाड येथील वार्षिक संमेलनातील भाषण)



२०१५ च्या जूनमध्ये येथून जवळच, मालवणीत, विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. मिथेनॉलने घात केला, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु मागे राहिलेल्यांच्या मनावर झालेल्या आघाताची विचारपूस किती जणांनी केली? असा आघात झोप हिरावून घेतो, दुःस्वप्ने दाखवितो. त्यांतून क्षणभर सुटण्यासाठी माणूस नशेस जवळ करतो. पुढे ती सोडू जाता तीच दुःस्वप्ने पुन्हा उसळतात आणि पुष्कळ जण उपचार अर्धवट टाकून परततात. त्यास आपण मनाचा दुबळेपणा म्हणतो!

आम्हीही तसेच म्हणत आलो, अब्रूपायी घरचे दुखणे झाकीत आलो. ही आमची चूक होय. आघात व व्यसन, दोहोंवर उपचार एकत्रच व्हावयास हवेत. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली स्थापिलेल्या ‘मुक्तांगण’मध्ये रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबाचेही समुपदेशन होते. शासनाच्या ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. घरातील अशा माणसास दरडावण्यापूर्वी त्याने काय सोसले ते मायेने विचारावे व त्याच्यासमवेत उपचारास जावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.