गाडी सेल्फ घेत नाही तेव्हा

कार्तिक पौर्णिमेला बीडजवळच्या कपिलधारला संत मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनासाठी मराठवाड्यातून आणि कर्नाटकातून दिंड्या येतात. दिंडीमागं सामानाचे टेम्पो असतात, जीपा असतात. घरची मंडळी मागाहून मोटारसायकलवर येतात. गाड्या डोंगरात थंडीत रात्रभर उभ्या राहतात. एखाद्या टेम्पोच्या बॅटरीवर भजनाचा स्पीकर चालू असतो, एखाद्या जीपच्या हेडलाइटच्या उजेडात स्वयंपाक चालतो. पहाटे दर्शन घेऊन निघायचं म्हणून चावी फिरवावी, तर आतून नुसतं टकटक ऐकू येतं. मग कुणीतरी म्हणतं, ‘बॅटरी गेली’, आणि बीडला पोहोचताच चार-पाच हजारांची नवी बॅटरी घेतली जाते. माझी कळकळीची विनंती आहे, आधी मोजा आणि मग पैसे काढा. पुष्कळदा ती बॅटरी फक्त उतरलेली असते.

शंभर वॅटचा ॲम्प्लिफायर पूर्ण आवाजात बारा व्होल्टच्या बॅटरीतून आठ-नऊ अँपिअर ओढतो. साठ अँपिअर-तासांची बॅटरी असली तर साडेतीन तासांत ती अर्धी रिकामी होते. त्यात थंडीनं इंजिनातलं ऑइल घट्ट झालेलं असतं आणि बॅटरीतली रासायनिक क्रियाही मंदावलेली असते. पण बॅटरीचं आयुष्य खरं कमी होतं ते आपल्याकडच्या उन्हाळ्यात. बेचाळीस अंशांत तिचं पाणी उडतं, आतल्या प्लेटा झिजतात, आणि हे सगळं कळतं थेट कार्तिकात.

आता तपासणीकडे येऊ. हेडलाइट लावा, घरातल्या कुणाला तरी पुढं उभं करा आणि सेल्फ मारा. दिवे एकदम मालवल्यासारखे झाले आणि टकटकटक आवाज आला, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचं टर्मिनल ढिलं आहे. दिवे झगझगीत राहिले आणि एकच ‘टक्क’ झालं, तर संशय सोलेनॉइडवर किंवा स्टार्टर मोटरवर घ्या. काहीच आवाज नाही आणि दिवे ठणठणीत असतील, तर फ्यूज, रिले, चावीचा स्विच बघा. मोटारसायकलला क्लचचा आणि साइड स्टँडचा स्विचही बघा. सेल्फ नुसताच घरघर फिरतो आणि इंजिन हलत नाही, तेव्हा स्टार्टरचा बेंडिक्स फ्लायव्हीलच्या दातांत बसत नसतो. आणि इंजिन जोरात फिरतंय पण चालू होत नाही, तर बॅटरीचा काही दोष नाही. तिथं डिझेल, पेट्रोल, हीटर प्लग, स्पार्क यांच्याकडे वळा.

यापुढं मल्टिमीटर लागतो. साधा मीटर काहीशे रुपयांत मिळतो आणि शेतावरच्या मोटारीलाही कामाला येतो. तो डीसी २० व्होल्टवर ठेवा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरी मोजा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. मग सेल्फ मारताना मोजा. भरलेली बॅटरी साडेनऊच्या खाली घसरत असेल तर ती खरोखर थकली आहे. शेवटी इंजिन चालू करून हेडलाइटसह मोजा. साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. साडेबारावरच अडकलं तर अल्टरनेटर, ज्याला आपण अजून डायनामोच म्हणतो, तो चार्ज करत नाही. आधी त्याचा पट्टा ढिला आहे का बघा, मग कार्बन आणि रेग्युलेटर. पंधराच्या वर गेलं तर रेग्युलेटर बिघडला आहे. अशा गाडीत नवी बॅटरीही उकळून मरते. काही नव्या गाड्यांत संगणक हे व्होल्ट मुद्दाम कमी-जास्त करतो, तिथं एकाच आकड्यावरून निर्णय घेऊ नका.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते जोडांकडे. विहिरीत पाणी भरपूर आहे, पण पाइपात कचरा अडकला तर वाफ्यापर्यंत धार पोहोचत नाही. मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खांबावर ठेवा, दुसरी त्याच खांबावर बसलेल्या वायरीच्या लगवर, आणि सेल्फ मारा. आकडा शून्याजवळ हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर तो जोडच व्होल्ट खातोय. तसंच एक पिन बॅटरीच्या काळ्या खांबावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर ठेवून बघा. इथंही अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यानं धुवा, पण ते पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका. कोरडं करून लग घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. काढताना काळी वायर आधी, लावताना काळी शेवटी.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. जुने मिस्त्री इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढून बघायचे. आजच्या गाडीत त्यानं अल्टरनेटरचे डायोड आणि महागडा कंट्रोलर जळू शकतो. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून बॉनेट उघडं असताना जवळ बिडी नको, गाडीच्या पूजेची उदबत्तीही नको. हातातलं कडं, अंगठी काढून ठेवा. ॲसिड अंगावर उडालं तर भरपूर पाण्यानं धुवा. डोळ्यात गेलं तर धूत राहा आणि लगेच दवाखाना गाठा.

दुसऱ्या गाडीवरून वायर लावायची झाली तर लाल लालला जोडा, काळीचं एक टोक चांगल्या बॅटरीला आणि दुसरं बंद गाडीच्या इंजिनाच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. उतारावर गाडी ढकलून चालू करायचा मोह होतो, पण इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात, म्हणून घाटात ते करू नका. गाडी चालू झाली की बॅटरी भरली असं समजू नका. सेल्फला करंट मोठा लागतो, पण दोन-तीन सेकंदच, त्यामुळे तेवढी भरपाई लवकर होते. रात्रभराच्या स्पीकरनं खाल्लेली अर्धी बॅटरी कपिलधार ते बीड एवढ्या अंतरात भरत नाही. बाजारात गाडी बंद केलीत तर पुन्हा धक्का मारावा लागू शकतो. घरी पोहोचल्यावर ती रात्रभर चार्जरवर लावा, काढल्यावर काही तास नुसती राहू द्या आणि सकाळी मोजा. सकाळचा, सेल्फचा आणि चालू इंजिनाचा असे तिन्ही आकडे कागदावर लिहून गॅरेजवाल्याच्या हातात द्या.