श्वासोच्छ्वासाचा पाठ

(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



'माणूस प्राणवायू आत घेतो व कर्बद्विप्राणिद वायू बाहेर सोडतो' हे वाक्य ज्यास तोंडपाठ नाही असा विद्यार्थी वरच्या इयत्तांत क्वचितच आढळेल. परंतु त्याच विद्यार्थ्यास, 'हवा शिरते म्हणून छाती फुगते, की छाती फुगते म्हणून हवा शिरते?' असे विचारले, म्हणजे तो गोंधळून जातो; आणि पुष्कळदा शिकविणाराही क्षणभर थबकतो. पाठ केलेले वाक्य व समजलेली गोष्ट यांत अंतर असते ते असे. श्वसनाच्या पाठात हे अंतर राहू देणे विशेष धोक्याचे आहे. ज्या गावात धान्याची वा हळदीची पेवे आहेत, पडीक विहिरी आहेत, थंडीच्या दिवसांत बंद खोलीत शेगडी पेटते, त्या गावात या पाठावर एखाद्याचा जीवही अवलंबून असू शकतो.

प्रथम हवेचा मार्ग पाहू. नाकातून शिरलेली हवा तेथे गाळली जाते, कोमट होते व ओलसर होते. तोंडाने श्वास घेण्यात हे तिन्ही लाभ उणावतात. घशात हवेची व अन्नाची वाट एकत्र येते आणि पुढे पुन्हा दुभंगते: पुढच्या बाजूस श्वासनलिका, तिच्या मागे अन्ननलिका. घास गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाते व त्यावरील झाकण कलून श्वासाची वाट बंद होते. मुलांना गळ्याच्या पुढील कठीण भागावर बोट टेकवून आवंढा गिळावयास सांगावे. तो भाग वर सरकून पुन्हा खाली आलेला प्रत्येकास कळेल. जेवताना बोलू नये, हसू नये, असे घरची वडील माणसे सांगतात, त्यामागील कारण हेच. गिळण्याच्या क्षणी श्वास ओढला गेला, की शेंगदाणा वा चिंचोका भलत्या वाटेने जातो.

असा प्रसंग मधल्या सुट्टीत कोणत्याही शाळेत येऊ शकतो. मुलाला जोराने खोकता येत असेल, तर त्यास खोकू द्यावे; खोकला हाच उत्तम उपाय होय. आवाज फुटत नसेल व श्वास चालत नसेल, तर त्यास पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या पात्यांमध्ये मनगटालगतच्या तळव्याने 5 जोरकस थापा माराव्या. तेवढ्याने अडकलेली वस्तू न निघाल्यास मागून कवळ घालून, बेंबीच्या किंचित वर मूठ ठेवून, आत व वरच्या दिशेने 5 वेळा दाबावे. आणि दोन्ही क्रिया आळीपाळीने चालू ठेवाव्या. वर्षाच्या आतील बालकाचे पोट मात्र असे कधीही दाबू नये. न दिसणाऱ्या वस्तूसाठी घशात बोटे घालू नयेत. ती आणखी खाली ढकलली जाते.

श्वासनलिका सुमारे 10 ते 12 सेंटिमीटर लांब असते. ती दबून बंद होऊ नये म्हणून तिच्यात कूर्चेची कडी असतात. परंतु ही कडी मागच्या बाजूस अपुरी असतात, म्हणून मागील अन्ननलिकेतून घास उतरताना तिला अडथळा होत नाही. पुढे तिच्या दोन शाखा होतात, त्या शाखांना उपशाखा फुटतात, आणि असे सुमारे 23 वेळा होऊन शेवटी द्राक्षांच्या घडासारखे सूक्ष्म वायुकोश लागतात. प्रौढ माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून असे सुमारे 30 ते 50 कोटी वायुकोश असतात. त्यांचा आतील पृष्ठभाग पसरला, तर तो सुमारे 70 चौरस मीटर भरेल. एका मोठ्या वर्गखोलीच्या जमिनीहून अधिक जागा निसर्गाने छातीच्या पिंजऱ्यात घडी घालून ठेवली आहे!

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. फुप्फुसांना हवा ओढून घेणारे स्वतःचे स्नायू नाहीत. छाती व पोट यांच्यामध्ये घुमटाच्या आकाराचा एक स्नायूंचा पडदा आहे. त्यास श्वासपटल म्हणतात. तो आकुंचन पावला, की घुमट खाली उतरून सपाट होऊ लागतो. त्याच वेळी फासळ्या वर व बाहेर सरकतात. छातीची पोकळी वाढते, आतील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, आणि बाहेरची हवा आत शिरते. म्हणजे छाती फुगते म्हणून हवा शिरते, हे उत्तर होय. लोहाराच्या भात्याने हे चटकन् समजते. भाता हवा भरल्यामुळे उघडत नाही. तो उघडला जातो म्हणून त्यात हवा भरते. स्वस्थ उच्छ्वासाच्या वेळी तर काही ओढाताणही लागत नाही. ताणलेले स्नायू सैल पडतात, फुप्फुसे स्वभावतःच आक्रसतात व हवा बाहेर पडते.

याचे साधन शाळेत दहा मिनिटांत तयार होते. प्लॅस्टिकच्या बाटलीचे बूड कापून टाकावे. तोंडात एक फुगा आतल्या बाजूस लोंबता ठेवून त्याची कड बाटलीच्या तोंडावर उलटवून घट्ट बांधावी. कापलेल्या बुडावर दुसऱ्या मोठ्या फुग्याचे रबर ताणून बांधावे. हे रबर खाली ओढले, की आतील फुगा फुगतो. सोडले, की तो बसतो. परंतु साधनाची उणीवही मुलांना सांगावी. बाटलीत फुग्याभोवती बरीच मोकळी जागा राहते. छातीत तशी रिकामी जागा नसते. फुप्फुसे छातीच्या भिंतीस लागूनच असतात व दोहोंमध्ये द्रवाचा केवळ एक पातळ थर असतो. साधन कोठे खरे आहे व कोठे अपुरे आहे, हे सांगणे हाही शास्त्रशिक्षणाचाच भाग आहे.

स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य मिनिटास सुमारे 12 ते 18 वेळा श्वास घेतो. लहान मुलांचा वेग याहून अधिक असतो. प्रौढाच्या प्रत्येक श्वासात सुमारे 500 मिलिलिटर हवा आत येते. त्यांपैकी सुमारे 150 मिलिलिटर हवा नाक, घसा व नलिका यांतच राहते. तिचा रक्ताशी संबंध येत नाही. म्हणून उथळ व जलद श्वासापेक्षा संथ व खोल श्वास अधिक फलदायी असतो. मुलांनी बसल्या जागी एक मिनिट स्वतःचे श्वास मोजावे, मैदानास एक फेरी मारून पुन्हा मोजावे, आणि आकडे फळ्यावर मांडावे. गणिताचा तासही त्यातच साधतो.

वायुकोशात काय घडते? त्याची भिंत व तिला बिलगलेल्या केशवाहिनीची भिंत मिळूनही एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून पातळ असतात. इटलीतील मार्चेल्लो माल्पीगी यांनी 1661 साली बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली या केशवाहिन्या प्रथम पाहिल्या. या पडद्यातून प्राणवायू रक्तात जातो व तांबड्या पेशींतील हीमोग्लोबिन त्यास धरून ठेवते. उलट दिशेने कर्बद्विप्राणिद वायू हवेत येतो. येथे फक्त देवघेव होते. प्राणवायूचा खरा उपयोग शरीरातील प्रत्येक पेशीत होतो. तेथे अन्नातील द्रव्यांशी त्याचा संयोग होऊन उष्णता व शक्ती निर्माण होते. फ्रान्समधील लाव्हाझिए व लाप्लास यांनी बर्फाने वेढलेल्या पात्रात गिनीपिग ठेवून, किती बर्फ वितळले ते मोजले, आणि श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलनच आहे, असा निष्कर्ष 1783 च्या सुमारास मांडला. सरपणाचा जाळ व माणसाच्या अंगातील ऊब यांचे नाते अशा रीतीने उघड झाले.

पाठ केलेल्या वाक्यातील दोष येथे सुधारावा. आत जाणाऱ्या हवेत सुमारे 21 टक्के प्राणवायू असतो, आणि बाहेर पडणाऱ्या हवेतही तो सुमारे 16 टक्के शिल्लक असतो. कर्बद्विप्राणिद वायू आत जाताना शेकडा 0.04 एवढाच असतो. बाहेर पडताना तो सुमारे 4 टक्के होतो. नत्रवायू जवळजवळ तेवढाच राहतो. उच्छ्वासात इतका प्राणवायू उरतो, म्हणूनच बुडालेल्या माणसास तोंडाने श्वास देऊन वाचविता येते.

याच्या प्रयोगास पानाचा चुना पुरतो. तो पाण्यात ढवळून रात्रभर ठेवावा व वरची निवळी अलगद दोन बाटल्यांत ओतून घ्यावी. एका बाटलीत पपईच्या पानाच्या पोकळ देठाने हळूहळू फुंकावे. निवळी दुधाळ होते. दुसरीत सायकलच्या पंपाने तेवढाच वेळ साधी हवा सोडावी. ती जवळजवळ निवळच राहते. दुसरी बाटली नसेल, तर पहिलीने काहीच सिद्ध होत नाही, हे मुलांच्या मनावर ठसवावे. निवळी तोंडात ओढली जाऊ नये वा डोळ्यांत उडू नये, याची काळजी शिक्षकाने स्वतः घ्यावी.

यापुढचा भाग पाठ्यपुस्तकात सहसा नसतो. परंतु गावाच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. श्वास कोंडून धरला असता जी तगमग होते, ती कशामुळे? 'प्राणवायू संपला म्हणून,' असे उत्तर बहुतेक सर्वजण देतील. वस्तुतः ती तगमग मुख्यतः रक्तात साठणाऱ्या कर्बद्विप्राणिद वायूमुळे होते. मेंदूच्या तळाशी असलेले श्वसनकेंद्र या वायूच्या प्रमाणावर नजर ठेवते. इंग्लंडमधील जॉन स्कॉट हाल्डेन व त्यांचे सहकारी प्रीस्टली यांनी हे 1905 साली प्रयोगांनी दाखवून दिले. प्राणवायूच्या उणिवेची सूचना मात्र फार उशिरा व अंधुक मिळते. शरीराची ही व्यवस्था मोकळ्या हवेत उत्तम चालते. पाण्याखाली व कोंदट जागी तीच घात करते.

विहिरीत बुडी मारून अधिक वेळ राहण्याची पैज मुले लावतात. त्यासाठी आधी भराभर मोठे श्वास घेण्याची युक्ती कोणी तरी शिकविते. त्या श्वासांनी प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही. कर्बद्विप्राणिद वायू मात्र निघून जातो. मग वर येण्याची तगमग वेळेवर होत नाही, आणि प्राणवायू संपून मुलगा पाण्याखालीच बेशुद्ध होतो. ही गोष्ट प्रत्येक शाळेत उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी सांगितलीच पाहिजे.

पेवाची गोष्ट तशीच आहे. साठविलेले धान्यही सजीव असते. तेही श्वसन करते. बंद पेवातील प्राणवायू ते, व त्याच्या सोबतीची बुरशी व किडे, वापरून टाकतात आणि कर्बद्विप्राणिद वायू सोडतात. हा वायू हवेच्या सुमारे दीडपट जड असल्याने तळाशी साचतो. पाला कुजलेल्या पडीक विहिरीतही असेच घडते. प्राणवायू फारच थोडा असलेल्या हवेत उतरलेला मनुष्य एकदोन श्वासांतच शुद्ध हरपतो. कारण अशा हवेत प्राणवायू रक्तात यावयाचा तो उलट रक्तातूनच बाहेर जाऊ लागतो. त्यास काढण्यासाठी भाऊ उतरतो, भावासाठी शेजारी उतरतो, आणि एका घरात दोन-तीन मृत्यू घडतात. यात कोणाचेही धैर्य कमी पडलेले नसते. कमी पडलेले असते ते ज्ञान.

पेव उघडल्यावर बराच काळ मोकळे ठेवून आत कंदील सोडून पाहण्याची जुन्या माणसांची रीत शहाणपणाची आहे. कंदील विझला, तर उतरू नये. परंतु तो तेवत राहिला म्हणजे सर्व ठीक आहे, असे मात्र समजू नये. मैलाच्या टाकीत अल्प प्रमाणातही मारणारे विषारी वायू असतात. तेथे व गोबरगॅसच्या खड्ड्यात ज्वालाग्राही वायूही असतो, म्हणून ज्योत नेणेच घातक. विहिरीत उतरवून चालविलेल्या डिझेल इंजिनाचा धूरही तसाच प्राणघातक असतो. आत कोणी पडल्यास आपण उतरू नये. मोकळी हवा जोराने आत सोडावी, दोराने ओढता येत असल्यास वरून ओढावे, आणि 112 किंवा 108 या क्रमांकावर तात्काळ मदत मागवावी. योग्य साधनांनिशी आलेल्या शिकविलेल्या माणसांनीच आत उतरावे.

शेगडीचा धोका याहूनही मुका आहे. बंद खोलीत कोळसा अर्धवट जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्यास रंग नाही, वास नाही. हीमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट बिलगतो. रक्त वाहत असते, पण प्राणवायू वाहून नेत नाही. झोपलेले माणूस झोपेतच जाते. म्हणून निजताना शेगडी खोलीबाहेर ठेवावी, आणि चुलीच्या खोलीत धूर जाण्यास वाट असावी.

हाल्डेन यांनी आपल्या लहानग्या मुलास कोळशाच्या खाणीत नेल्याची एक आठवण प्रसिद्ध आहे. तेथे छताजवळ हलका ज्वालाग्राही वायू साचला होता. मुलास उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातील एक भाषण म्हणावयास सांगितले. थोड्याच वेळात तो धापा टाकीत खाली कोसळला, आणि जमिनीजवळची हवा ठीक असल्याचे त्यास कळले. हाच मुलगा पुढे जे. बी. एस. हाल्डेन या नावाने थोर शास्त्रज्ञ झाला, 1957 साली भारतात आला, भारताचा नागरिक झाला व 1964 साली भुवनेश्वर येथे निवर्तला. असा प्रयोग कोणत्याही शिक्षकाने करू नये. मात्र धडा अंगास लागला म्हणजे तो जन्मभर विसरत नाही, हे त्यातून घ्यावे. आणि त्यासाठी बाटली, फुगा, चुन्याची निवळी व लोहाराचा भाता एवढी सामग्री पुरेशी आहे.

पाठाच्या शेवटी व्याख्या विचारू नयेत. 'छाती आधी फुगते की हवा आधी शिरते?', 'बुडीपूर्वी भराभर श्वास का घेऊ नये?', 'पेवात मनुष्य पडला, तर तू काय करशील?' असे तीन प्रश्न विचारावे. तिसऱ्या प्रश्नास 'मी उडी घेईन' असे उत्तर आले, तर ते शूर मुलाचे उत्तर आहे, म्हणून त्याचे कौतुक करावे. आणि लगेच पाठ पुन्हा शिकवावा. 'मी उतरणार नाही. हवा सोडीन, दोर टाकीन व मदत बोलावीन' असे उत्तर वर्गातील प्रत्येक मूल कारणासह देऊ लागेल, आणि तेच घरी जाऊन वडीलधाऱ्यांस सांगेल, तेव्हा श्वासोच्छ्वासाचा पाठ पूर्ण झाला असे शिक्षकाने समजावे.