पाना कोणाच्या हाती?

(सायकल-दुरुस्तीच्या दोन दिवसांच्या शिबिराच्या समारोपप्रसंगी केलेले भाषण)



गेले दोन दिवस आपण सायकल सुटी करून पाहिलीत, पंक्चर काढलेत, ब्रेक बांधलेत आणि चाकाचा आऊट काढण्याचाही प्रयत्न केलात. शिबिराचे खरे काम त्यातच झाले. या विषयात अर्थशास्त्राच्या निवृत्त अध्यापकाने बोलावे असे काय आहे, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. माझ्या मते बरेच आहे. आपली सायकल आपल्या अंगणात दुरुस्त करणे ही वरवर घरगुती काटकसरीची बाब दिसते. वस्तुतः यंत्र आणि ते वापरणारा माणूस यांचे नाते काय असावे, या जुन्या प्रश्नाशी ती निगडित आहे, आणि समाजवादी चळवळीला हा प्रश्न नवा नाही.

१९५२ साली समाजवादी पक्षाच्या पंचमढी अधिवेशनात डॉ. राममनोहर लोहिया यांनी लघुयंत्राचा विचार मांडला. जेथे माणसे पुष्कळ आणि माणशी भांडवल अत्यल्प, अशा देशाने भांडवलशाही व साम्यवाद या दोहोंनी सारख्याच भक्तिभावाने पुजलेले अजस्र यंत्र जसेच्या तसे उचलू नये, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्या मनातले लघुयंत्र विजेवर किंवा तेलावर चालणारे उत्पादनाचे यंत्र होते. सायकल माणसाच्या पायावर चालते आणि वाहतूक करते, हा फरक मी नजरेआड करीत नाही. तथापि कोट्यवधी श्रमिकांच्या प्रत्यक्ष मालकीचे झालेले लहान यंत्र आपल्या देशात शोधावयाचे म्हटले, तर प्रथम सायकलच पुढे येते. २०११ च्या जनगणनेत देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती, आणि स्कूटर-मोटारसायकल २१ टक्के कुटुंबांकडे.

परंतु यंत्र आकाराने लहान असले म्हणजे ते माणसाच्या ताब्यात आले, असे होत नाही. घड्याळ लहान असते, भ्रमणध्वनीही लहान असतो. तो बंद पडला की त्याचा मालक असहाय होतो. म्हणून लहानपणाची माझी कसोटी वेगळी आहे: जे यंत्र वापरणाऱ्याला उघडता येते, समजते आणि पुन्हा चालते करता येते, ते लहान. ही क्षमता गेली की कागदोपत्री मालकी आपली राहते, व्यवहारात ती दुसऱ्याची होते.

या कसोटीला आपली साधी काळी सायकल जितकी उतरते, तितके दुसरे कोणतेही वाहन उतरत नाही. तिचे सारे अंग उघडे आहे. पायडलवर दिलेला जोर साखळीतून फ्रीव्हीलवर आणि तेथून चाकावर कसा जातो, हे दहा वर्षांच्या मुलालाही डोळ्यांनी दिसते. तिला लागणारी हत्यारे एका पिशवीत मावतात: दोन-तीन पाने, एक पेचकस, टायर उतरवण्याच्या पट्ट्या, काचपेपर, सोल्यूशनची नळी, जुन्या ट्यूबचे तुकडे, तेलाची कुपी आणि पंप. शिवाय तिचे भाग प्रमाणित आहेत. साखळीच्या एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचे अंतर अर्धा इंच असते. ते लुधियानात अर्धा इंच आहे आणि इंग्लंडातही अर्धा इंचच आहे. प्रमाणीकरण हा रूक्ष शब्द वाटेल, पण गरिबाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की कोणताही कारखानदार त्याला सुट्या भागासाठी आपल्याच दाराशी बांधून ठेवू शकत नाही.

आता घरच्या दुरुस्तीचे अर्थशास्त्र पाहू. आम्ही वर्गात घसारा शिकवतो. भांडवली वस्तू वापरताना झिजते, आणि ती झीज वेळेवर भरून काढली नाही तर भांडवलच खाल्ले जाते. कारखान्याच्या ताळेबंदात घसाऱ्याचा रकाना असतो. हातमजूर, दूधवाला किंवा वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा यांच्या जमाखर्चात तो नसतो. त्यांच्या सायकलीची झीज मात्र थांबत नाही. साखळीचेच घ्या. नव्या साखळीच्या चोवीस अर्ध्या इंचांचे माप फूटपट्टीवर बरोबर बारा इंच भरते. पिना झिजल्या की ते वाढते. बारा इंचांवर एक-अष्टमांश इंच वाढ दिसली की साखळी बदलावी, असा ठोकताळा आहे. ती तशीच चालवली तर लांबलेली साखळी फ्रीव्हीलचे व पुढच्या चक्राचे दाते खाते, आणि एका स्वस्त भागाच्या जागी तीन भाग घ्यावे लागतात. फूटपट्टी घरोघर असते. अभाव असतो तो या माहितीचा.

हवेचेही तसेच आहे. कमी हवेवर चालवलेल्या सायकलीचा टायर कडांना चिरतो, खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटली जाऊन फाटते, आणि चालवणाऱ्याचे श्रम वाढतात ते वेगळेच. पुष्कळदा पंक्चर समजून जी सायकल ढकलत नेली जाते, तिची वाल-ट्यूब तेवढी सैल झालेली असते. व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावून बुडबुडा येतो का हे पाहावे, म्हणजे खुलासा होतो. खरोखरच पंक्चर असेल तर पाण्याच्या परातीत ट्यूब बुडवून भोक शोधावे, जागा कोरडी करून काचपेपरने घासावी, सोल्यूशन लावून ते बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबावे आणि मगच ठिगळ दाबावे. त्यानंतर टायरच्या आतून बोट फिरवून बाभळीचा काटा काढून टाकावा. तो आत राहिला तर सारा खटाटोप व्यर्थ. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे ठाऊक नसल्यामुळे किती पायडले जोर लावून बिघडवली गेली असतील! यांतले काहीही गूढ नाही. हे ज्ञान दोन दिवसांत एकाकडून दुसऱ्याकडे जाते, हे आपण येथे पाहिलेच.

यावर एक शास्त्रीय आक्षेप येतो. अॅडम स्मिथने टाचणीच्या कारखान्यातील अठरा क्रियांचे उदाहरण देऊन श्रमविभागणीचा महिमा सांगितला; मग प्रत्येकाने आपापले पंक्चर काढत बसणे हा श्रमाचा अपव्यय नव्हे काय? त्या वेळात तो आपल्या धंद्यात अधिक कमावू शकेल, असे आक्षेपक म्हणतात. हा हिशेब ज्याच्या प्रत्येक तासाला बाजारात गिऱ्हाईक उभे आहे, त्याच्यापुरता खरा आहे. पहाटे सहाला कामावर निघालेल्या आणि वाटेत चाक बसलेल्या मजुराला तो लागू पडत नाही. त्या वेळी दुकान उघडलेले नसते. उशीर झाला की दिवसाचा खाडा पडतो. अर्ध्या तासाच्या घरगुती कौशल्याची किंमत त्याच्या बाबतीत एका दिवसाची मजुरी असते. शिवाय श्रमविभागणीने माणसाची बुद्धी बोथट होते, असा इशारा त्याच ग्रंथात खुद्द स्मिथने देऊन ठेवला आहे. तो भाग वर्गात सहसा शिकवला जात नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो, कारण तो आपल्याच गोटातून येतो. घरोघर लोक पाने फिरवू लागले, तर झाडाखाली पंप घेऊन बसलेल्या पंक्चरवाल्याने काय खावे? त्याच्या पोटावर पाय देऊन कसला समाजवाद आणणार? या प्रश्नाला उडवाउडवीचे उत्तर देऊ नये. माझे उत्तर असे की, त्याची भाकर घरगुती पंपाने हिरावलेली नाही. लोकांनी सायकलच सोडली, रस्ते मोटारींना दिले, आणि पदपथावरून त्याला अतिक्रमण म्हणून उठवले, म्हणून ती गेली. ज्या शहरात माणसे सायकल चालवीत राहतात, तेथे हवा भरणे घरी झाले तरी ओव्हरऑइलचे काम, चिमटा सरळ करणे, नवे चाक आऱ्यांनी विणणे ही कामे कसबी माणसाकडेच येतात. आणि ज्याने स्वतः एकदा चाकाचा आऊट काढून पाहिला आहे, तो त्या कसबाचे मोल कळल्यामुळे दोन रुपयांसाठी घासाघीस करीत नाही. अडाणी गिऱ्हाइकापेक्षा जाणते गिऱ्हाईक कारागिराला नेहमीच हितावह असते.

त्याच्या संरक्षणाचा मार्ग कायद्यात आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याच्या व्याख्येत रस्त्यावर वस्तू विकणाऱ्याप्रमाणेच सेवा देणाराही येतो. म्हणजे पदपथावरचा सायकल-दुरुस्तीवाला हा त्या कायद्याचा हक्कदार आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावेत, अशी त्यात तरतूद आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी त्याची नोंदणी करवून घेतली, तर आपण घरी पंप न ठेवण्याने होणार नाही इतके त्याचे भले होईल.

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय मला केवळ वैचारिक वाटत नाही, तिच्याकडे येतो. बिहारमध्ये २००६ साली नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगे-मुलींतील तफावत ४० टक्क्यांनी घटली, असे आढळले. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांतील शाळकरी मुलींना सायकलींसाठी साहाय्य देण्यात आले. त्याआधी, १९९१ च्या सुमारास, तामिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरतेच्या मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या, पी. साईनाथ यांनी त्याची हकिकत लिहून ठेवली आहे. सायकलीने मुलीला शाळा मिळते, हे आता वादातीत आहे.

पण सायकल दिल्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात काय होते? साखळी गंजते, ब्रेकचे रबर झिजते, टायरला चीर पडते. गावात दुरुस्तीचे दुकान नसते. बाप किंवा भाऊ सवडीने बघू म्हणतात, कारण पाना हे घरात पुरुषाचे हत्यार मानले गेले आहे. सायकल भिंतीला टेकते आणि मुलगी घरी बसते. शासनाच्या दफ्तरी मात्र लाभार्थी म्हणून तिची नोंद कायम राहते. वाटप झाले की काम झाले, अशी आपल्या कल्याणकारी योजनांची रीत आहे. वस्तू देतात, तिच्यावरची सत्ता देत नाहीत. त्या मुलीच्या हातात पाना देणे आणि तो फिरवण्यात तिला कोणी हसणार नाही अशी शाळा देणे, हा सायकलीचाच उरलेला अर्धा भाग आहे.

आणि या वेळी घाई करण्याचे कारणही आहे. बाजारात येणाऱ्या नव्या महाग सायकलींत तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक, दट्ट्याने बसवावे लागणारे बेअरिंग आणि विजेवर बदलणारे गिअर आले आहेत. एकेका कंपनीचे भाग त्याच कंपनीच्या हत्याराला बधतात. बॅटरीच्या सायकलीची पेटी तर उघडण्यासाठी केलेलीच नसते. या सुधारणांचे लाभ मी नाकारीत नाही. चढावर बॅटरीची सायकल वृद्धांना वरदान आहे. पण उघडता न येणारी पेटी म्हणजे कायमचे गिऱ्हाईक, हे व्यापारी गणित ओळखले पाहिजे. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या अधिकाराचा विचार करण्यासाठी समिती नेमली, युरोपीय संघाने २०२४ साली त्याविषयी निर्देश काढला. हा विचार शेतीची यंत्रे, भ्रमणध्वनी, मोटारी यांच्यापाशी थांबू नये. सायकल त्यात आली पाहिजे.

केवळ कारखान्याची मालकी बदलून हा प्रश्न सुटत नाही, याचाही अनुभव आपल्याला आहे. शिलाई यंत्राचा गौरव करताना गांधीजींनी, अशी यंत्रे बनवणारे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे असावेत, असे मत दिले होते. १९८० साली हिंद सायकल्स आणि सेन-रॅले यांचे राष्ट्रीयीकरण झाले; पुढे त्या दोन्ही कंपन्या बंद पडल्या. खाजगी क्षेत्राचीही कथा फार निराळी नाही: २०२० साली अॅटलासचा साहिबाबादचा कारखाना थांबला तो ३ जून रोजी, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनी. कारखाने कोणाचे, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. परंतु बनलेले यंत्र वापरणाऱ्याच्या कह्यात राहते की नाही, हा त्याचाच दुसरा भाग आहे, आणि त्याकडे आपण कमी लक्ष दिले.

म्हणून माझ्या सूचना चार आहेत. शासकीय योजनेतून मिळणाऱ्या प्रत्येक सायकलीबरोबर पंप, पाने आणि पंक्चरचे साहित्य द्यावे, आणि त्यासाठी निधी वेगळा राखावा. प्रत्येक माध्यमिक शाळेत दुरुस्तीचा एक कोपरा असावा व तेथे मुलामुलींनी एकत्र काम शिकावे. १९३७ साली वर्ध्यात ज्या शिक्षणविचाराची घोषणा झाली, त्याच्याशी हे सुसंगतच आहे. तेथे शिकवण्यासाठी पदवीधर न नेमता तालुक्यातील सायकल-कारागिराला मानधन देऊन बोलवावे, म्हणजे त्याच्या विद्येला गुरूचा मान मिळेल. आणि सायकल विकणाऱ्या प्रत्येक उत्पादकावर सुटे भाग व दुरुस्तीची माहिती ठरावीक वर्षे उपलब्ध ठेवण्याचे बंधन घालावे.

यांतल्या पहिल्या तीन गोष्टींसाठी राज्यकर्त्यांची वाट पाहण्याचेही कारण नाही. आपण येथे तीसेक जण आहात. प्रत्येकाने आपल्या वस्तीतल्या पाच जणांना, आणि त्यांत निदान तीन मुलींना, पंक्चर काढावयास शिकवले, तर येत्या पावसाळ्यात दीडशे सायकली भिंतीला टेकणार नाहीत. पिशवीतले पाने आता आपापल्या घरी न्या, आणि ते गंजू देऊ नका. इतके सांगून मी थांबतो.