संकेतस्थळाचे नाव आणि काटकसरीचा हिशेब

(ग्रामपंचायत सदस्य, मुख्याध्यापक व कार्यालयीन कर्मचारी यांच्या प्रशिक्षण वर्गात केलेले भाषण)



आज ज्या विषयावर मला बोलावयाचे आहे, तो रकमेने अगदी लहान आहे. संस्थेच्या संकेतस्थळाचे नाव, ज्यास आपण डोमेन म्हणतो, ते राखण्यास वर्षाकाठी बहुधा काही शे ते दीड-दोन हजार रुपये लागतात. अंदाजपत्रकात ही रक्कम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. पण जी बाब डोळ्यांत भरत नाही, तिच्याकडेच दुर्लक्ष होते.

माझ्या पाहण्यातील एक हकिकत सांगतो. एका शाळेने सुवर्णमहोत्सवानिमित्त संकेतस्थळ तयार करविले. काम करणाऱ्या तरुणाने डोमेन स्वतःच्या नावे व स्वतःच्या ई-मेलवर नोंदविले. पहिल्या वर्षाचा दर नाममात्र होता, म्हणून सर्वांना समाधान वाटले. पुढे तो तरुण नोकरीनिमित्त परगावी गेला. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्याच ई-मेलवर येत राहिल्या आणि एके दिवशी नाव सुटले. ते कोणा परक्याने घेतले. शाळेच्या प्रमाणपत्रांवर छापलेल्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती दिसू लागल्या. तोच पत्ता मी स्वतः आमच्या एका पुस्तिकेत छापला होता. पालकांचे प्रश्न मुख्याध्यापकांना जसे ऐकावे लागले, तसे मलाही ऐकावे लागले. म्हणूनच हा विषय मी आज निवडला आहे.

प्रथम हे लक्षात घ्यावे की, डोमेन विकत मिळत नाही. ते मुदतीच्या भाड्याने मिळते. संगणकांच्या अंकी पत्त्यांना नावे देण्याची सध्याची पद्धती १९८३ साली आखली गेली. १९९८ पासून आयकॅन ही संस्था तिचा जागतिक समन्वय पाहते. ‘डॉट कॉम’ची मूळ नोंदवही व्हेरिसाइन कंपनीकडे, तर आपल्या ‘डॉट इन’ची निक्सी या संस्थेकडे आहे. आपण व्यवहार करतो तो त्यांच्या खालच्या पायरीवरील नोंदणी कंपन्यांशी. ‘डॉट कॉम’चा घाऊक दर सप्टेंबर २०२४ मध्ये १०.२६ डॉलर झाला. तेव्हा कोणी हेच नाव शंभर-दोनशे रुपयांत देऊ करीत असेल, तर तो तोटा पुढील वर्षांच्या नूतनीकरणातून भरून काढला जाणार, हे उघड आहे.

म्हणून काटकसरीचा पहिला नियम असा : पहिल्या वर्षाचा दर विचारू नका, नूतनीकरणाचा दर विचारा आणि पाच वर्षांचा हिशेब मांडा. उदाहरणादाखल, एका ठिकाणी पहिले वर्ष १९९ रुपये व पुढे दरवर्षी १,४०० रुपये असतील, तर पाच वर्षांचे ५,७९९ रुपये होतात. दुसऱ्या ठिकाणी दरवर्षी सरसकट ९०० रुपये असतील, तर ४,५०० रुपये. स्वस्त दिसणारी नोंदणी १,२९९ रुपयांनी महाग पडली. यावर वस्तू व सेवा कर निराळा.

दुसरा नियम : गरजेपुरतेच घ्यावे. ‘गव्ह डॉट इन’ हे नाव केवळ शासकीय संस्थांसाठी राखीव आहे. ते पात्र कार्यालयास मिळत असता खाजगी नाव घेण्याचे कारण नाही. मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांसाठी ‘एसी डॉट इन’ व ‘एज्यु डॉट इन’ ही नावे अर्नेट इंडियामार्फत दिली जातात. २०१४ पासून ‘डॉट भारत’ या रूपात देवनागरी नावही घेता येते. ते अवश्य घ्यावे, पण वापरणार असाल तरच. एकाच संस्थेची पाच नावे म्हणजे पाच नूतनीकरणे.

तिसरा नियम : देयकातील प्रत्येक ओळ वाचावी. नावासोबत सुरक्षा प्रमाणपत्र, संकेतस्थळ बांधणीची सोय इत्यादी जोडून रक्कम फुगविली जाते. साध्या संकेतस्थळास पुरेसे असे सुरक्षा प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा २०१५ पासून विनामूल्य देत आली आहे.

चौथा नियम : दर न परवडल्यास कंपनी बदलावी. नोंदणीनंतरचे पहिले ६० दिवस सामान्यतः नाव हलविता येत नाही, त्यानंतर येते. ‘डॉट कॉम’च्या बाबतीत स्थलांतराच्या शुल्कात एक वर्षाची वाढ मिळते व उरलेली मुदत वाया जात नाही. मात्र हे काम मुदत संपण्यापूर्वी महिना-दोन महिने करावे. दर रास्त असेल, तर अनेक वर्षांचे शुल्क एकदम भरून तो दर बांधून घेता येतो. एका वेळी कमाल मुदत दहा वर्षांची असते.

सर्वांत मोठी बचत मात्र वेळेवर नूतनीकरण करण्यात आहे. ‘डॉट कॉम’सारख्या नावांची सवलतीची मुदत उलटली की, ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ येतो. त्या काळात नेहमीच्या शुल्काखेरीज मोठा दंड पडतो. त्यानंतर पाच दिवसांनी नाव सर्वांना खुले होते. ही चूक लहान संस्थांच्याच हातून होते असे नाही. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीचे पासपोर्ट सेवेचे ३५ डॉलर भरावयाचे राहिले आणि असंख्य लोकांची हॉटमेल सेवा अडली. अखेर एका त्रयस्थ संगणकतज्ज्ञाने ती रक्कम स्वतः भरली.

तेव्हा मित्रहो, आपणांस माझी विनंती एवढीच आहे. नोंदणी व्यक्तीच्या नव्हे, संस्थेच्या नावे असावी. ई-मेल कार्यालयाचा असावा आणि तो किमान दोन जबाबदार व्यक्तींना उघडता यावा. मुदतीची तारीख नोंदवहीत लिहावी. आपण पदभार सोपविताना किल्ल्या व शिक्के मोजून देतो. त्याच यादीत डोमेनचीही एक ओळ असावी. त्या एका ओळीस खर्च काहीच नाही, पण संस्थेचे नाव परक्याच्या हाती जाण्यापासून तीच वाचविते.