टकलाचे मूळ टोपीत की रक्तात?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



विषयाचे नाव पुकारताच मागच्या बाकांवर हशा पिकला, तो मी ऐकला. खुशाल हसा. पण माझ्या दवाखान्यात या विषयावर कोणी हसत नाही. मध्यंतरी बी.एस्सी.चा एक विद्यार्थी आला. शिष्यवृत्तीची निम्मी रक्कम त्याने केसांच्या तेलांवर घालवली होती. टोपीमुळेच केस गेले अशी समजूत करून घेऊन टोपी घालणे सोडले होते, आणि त्यावरून वडिलांशी अबोला होता. "डॉक्टरसाहेब, माझं काय चुकलं?" हा त्याचा पहिला प्रश्न.

त्याचे काहीच चुकले नव्हते. केसाच्या मुळाला प्राणवायू बाहेरच्या हवेतून मिळत नाही, तो रक्तातून मिळतो. तेव्हा नमाजाच्या टोपीखाली केस गुदमरतात, हा निव्वळ भ्रम आहे. आपले हकीम ज्याला 'दाउस्सालब' म्हणतात आणि मराठीत ज्याला चाई म्हणतात, तो गोल चट्टाही निराळा विकार. मी बोलतो आहे ते कपाळावरून आणि टाळूवरून हळूहळू मागे सरकणाऱ्या टकलाविषयी.

षंढ पुरुषांना टक्कल पडत नाही, हे हिप्पोक्रेटिसच्या काळीही माहीत होते. त्याचा उलगडा 1942 साली अमेरिकेतील जेम्स हॅमिल्टन यांनी केला. वयात येण्यापूर्वी ज्यांचे वृषण गेले होते अशा पुरुषांना टक्कल नव्हते. त्यांना पुरुषी संप्रेरक, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, दिल्यावर ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे केस विरळ होऊ लागले. म्हणजे संप्रेरक हवे आणि वारसाही हवा. दोहोंपैकी एकाने भागत नाही.

येथे एक गैरसमज होतो. टक्कल पडणाऱ्याच्या रक्तात हे संप्रेरक जास्त असते असे नाही. केसाच्या मुळाशी एक विकर टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर अधिक प्रभावी अशा डीएचटीमध्ये करते, आणि काहींची मुळे त्याला जन्मतःच अधिक संवेदनशील असतात. अशा मुळातील केसाचा वाढीचा काळ दर खेपेस आखूड होतो, केस बारीक होत होत शेवटी लव उरते. गंमत अशी की, हेच डीएचटी हनुवटीवर दाढी वाढवते! मानेवरच्या केसांवर त्याचा परिणाम जवळजवळ होत नाही. केशरोपणासाठी तेथलेच केस घेतात ते यासाठी.

डोमिनिकन प्रजासत्ताकातील काही पुरुषांत हे विकर जन्मतः कमी असते, असे 1974 साली प्रसिद्ध झाले. त्यांचे कपाळावरचे केस मागे सरकत नव्हते. त्यातूनच फिनॅस्टराइडची वाट सापडली.

आता वारशाचे. "नाना टकले, म्हणून नातू टकला" असे म्हणून अम्मीच्या माहेराला बोल लावतात. त्यात अर्धे तथ्य आहे. पुरुषी संप्रेरकाला प्रतिसाद देणारे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि मुलाला ते आईकडूनच मिळते. परंतु विसाव्या गुणसूत्रावर आणि इतरत्र मिळून शेकडो जागी या टकलाचे धागे आहेत, आणि ते अब्बांकडूनही येतात. सख्ख्या भावांत एक टकला नि एक केसाळ निघतो तो यामुळे.

मुलींचे वेगळे. त्यांचा भांग रुंदावतो, कपाळाची रेषा बहुधा टिकते. लग्नाच्या बोलण्यात हे दडवले जाते आणि मुलगी एकटीच झुरते. तिचे लोह व थायरॉइड आधी तपासा; पाळी अनियमित असेल तर तेही सांगा. पुष्कळदा कारण तेथेच सापडते आणि दूर करता येते.

उपाय आहेत, पण मर्यादित. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचे औषध. 1988 पासून अमेरिकेत ते केसांसाठी मान्य झाले. फिनॅस्टराइड 1997 पासून. दोन्ही लवकर सुरू केली तर उपयोग, आणि बंद केली की मिळवलेले जाते. फिनॅस्टराइडने काहींच्या कामेच्छेवर व मनःस्थितीवर परिणाम होतो, म्हणून दुकानातून परस्पर घेऊ नये. गरोदर स्त्रीने तर फुटलेल्या गोळीला हातही लावू नये; पोटातल्या मुलग्याच्या वाढीला धोका असतो. तेलाने केस मऊ होतील, वारसा बदलणार नाही.

त्या विद्यार्थ्याने औषध घ्यायचे नाही असे ठरवले. उरलेल्या पैशांत पुस्तके घेतली, असे त्याचे वडील सांगत होते.

आता तुमचे प्रश्न येऊ द्या. मागच्या बाकांपासूनच सुरुवात करू.